मोटर बंद असताना आलेल्या लहरी

मित्रांनो, मी एक जुनी तरंगटाकी आहे. टाकी म्हटल्यावर गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणू नका. मी त्या मानाने एवढीशी आहे. दप्तराहून थोडी मोठी, आणि खोली म्हणाल तर बोटाच्या पेराएवढी. माझा तळ काचेचा आहे, कडा लाकडाच्या आहेत आणि मला चार पाय आहेत. माझ्या डोक्यावर दिवा टांगतात, पायांमध्ये पांढरा कागद पसरतात आणि माझ्यात उथळ पाणी ओततात. पाणी हलले की खालच्या कागदावर उजेडाच्या आणि सावलीच्या रेघा चालू लागतात. लाट कशी चालते, हे मुलांना दाखवणे एवढेच माझे काम.

पाणी स्थिर असले की कागद कोरा राहतो. हे तेवढे लक्षात ठेवा.

माझा जन्म उपकरणे बनवणाऱ्या एका कारखान्यात झाला. सुताराने पट्ट्या रंधून माझी चौकट जोडली. काच कापणारे एक चिडके काका होते, त्यांनी माझा तळ बसवला. शेवटी पाणी ओतून पाहिले, तेव्हा एक कोपरा किंचित वर राहिला होता.

"काका, एवढं चालेल ना?" सुताराने विचारले.

"चालेल म्हणजे? माणूस तिरक्या जमिनीवर जन्म काढतो आणि त्याला पत्ता लागत नाही. पाण्याला लगेच कळतं. काढ तो पाय, पुन्हा तास."

सुतार पुटपुटत पुन्हा बसला. त्या पुन्हा तासलेल्या पायावरच मी आजवर सरळ उभी आहे.

मग मी शाळेत आले. तिथल्या पहिल्या सरांचे हात मोठे होते, पण माझ्यापाशी ते हलके होत. ते माझ्या पाण्यावर एक लाकडी पट्टी रबराने टांगत आणि पट्टीवरची छोटी मोटर सुरू करत. पट्टी थरथरू लागे आणि कागदावर सरळ रेघांमागून सरळ रेघा निघत. लाटेचा उंचवटा भिंगासारखा उजेड गोळा करतो, म्हणून त्याच्याखाली चकचकीत रेघ पडते. दोन उंचवट्यांमधल्या खळग्याखाली उजेड पसरतो, म्हणून तिथे सावली. एका चकचकीत रेघेपासून दुसरीपर्यंतचे अंतर म्हणजे तरंगलांबी. एका सेकंदात किती रेघा निघाल्या, ती वारंवारता. मोटर जोरात फिरवली की रेघा दाटीवाटीने येत, हळू फिरवली की ऐसपैस.

एकदा सरांनी पाण्यात बुचाचा एक बारीक तुकडा टाकला. लाटांवर लाटा त्याच्याखालून गेल्या. बूच वर-खाली डुलत राहिले, पण होते तिथेच राहिले.

"पाणी कुठंच गेलं नाही," सर म्हणाले. "हालचाल तेवढी गेली. आवाजही असाच. माझ्या तोंडातली हवा तुमच्या कानात येत नाही, नाही तर सकाळी काय खाल्लं ते कळलं असतं."

वर्ग हसला. मग सरांनी सांगितले की पाण्याची लाट आणि आवाज दोघांनाही चालायला काहीतरी लागते. पाणी, हवा, लाकूड, लोखंड. त्याला माध्यम म्हणतात. लोखंडातून तर आवाज हवेपेक्षा कितीतरी वेगाने पळतो. प्रकाशही तरंगच आहे, पण त्याला असे काही लागत नाही. तो मोकळ्या पोकळीतूनही येतो.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मग सर, त्यात हलतं काय?"

"वीज आणि चुंबक जिथंवर जोर लावू शकतात, त्याला त्यांचं क्षेत्र म्हणतात. तेच थरथरतं. हाताला लागत नाही, डोळ्याला लागतं."

ती माझी भरभराटीची वर्षे. मुले माझ्याभोवती कोंडाळे करत, एकमेकांच्या खांद्यावर हनुवट्या टेकवून पाहत. दोन टोकांवरून सोडलेल्या लाटा मध्ये भेटल्या आणि काही जागी एकमेकींना पुसून गेल्या, तेव्हा एक मुलगी घाबरून म्हणाली होती, "अधिक आणि अधिक मिळून शून्य?" सर म्हणाले, "उंचवटा खळग्यात पडला तर, हो."

पुढे सर निवृत्त झाले. प्रयोगशाळेत पडदा आला. पडद्यावरच्या लहरी सांडत नाहीत आणि कधी बिघडत नाहीत. मला कपाटावर ठेवले. माझ्या पोटात खडूंचे रिकामे खोके आणि फुटका पृथ्वीचा गोल आला. काच बसवताना माझ्या कडांच्या फटींत भरलेली लांबी, म्हणजे पुट्टी, वाळून तडकली. पाण्यासाठी केलेल्या वस्तूत धूळ साचते, तेव्हा तिला कसे वाटते हे मी सांगत बसत नाही. तुमच्याही घरी अशी एखादी वस्तू असेलच.

बऱ्याच वर्षांनी विज्ञानाच्या नव्या बाई आल्या. त्यांचा आवाज इतका लहान, की तो ऐकू यावा म्हणून वर्गच गप्प बसे. त्यांनी मान वर करून विचारले, "मामा, कपाटावर ते काय आहे?"

मामा म्हणजे प्रयोगशाळेचे शिपाई. ते म्हणाले, "ती पाण्याची परात. गळते. फेकायची राहून गेली."

बाईंनी मला उतरवले, धुतले, कडांना नवी लांबी भरली. मामा कंबरेवर हात ठेवून पाहत होते. "पडद्यावरच्या लाटांचं एक बरं होतं, बाई. फरशी पुसावी लागत नव्हती."

"तेवढंच वाईट होतं, मामा," बाई म्हणाल्या.

बाईंची मुलगी त्याच शाळेत होती. तिला सगळी शाळा टिटवी म्हणे, कारण तिचा आवाज मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला जाई. आईचा आणि तिचा आवाज देवाने एकाच मापातून वाटला आणि वाटताना हात सटकला, असे मामा म्हणत. टिटवी मधल्या सुट्टीत डबा खायला प्रयोगशाळेत येई आणि पहिल्याच वाक्यात चुके.

"आई, आज ना..."

"शाळेत बाई."

"बाई, आज ना, आई, गंमत झाली."

आता पुलाबद्दल सांगायला हवे. आमच्या शाळेला दोन इमारती होत्या, एक जुनी आणि एक नवी. दुसऱ्या मजल्यावर त्या दोघींना जोडणारा एक पूल होता. वर्गखोलीएवढा रुंद, वर पत्रा, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे. सगळे त्याला जोडपूल म्हणत. प्रयोगशाळा जुन्या इमारतीत, पुलाच्या तोंडाशीच होती. माझ्या टेबलाची भिंत आणि पुलाची तुळई एकमेकींना टेकलेल्या होत्या. पुलाच्या खाली लहान फाटक होते. सुट्टी झाली की अगदी छोट्या वर्गांची मुले पुलाच्या सावलीत रांग करून पालकांची वाट पाहत.

त्या वर्षी पाइप घालण्यासाठी मैदान खणले. सगळीकडे चर आणि मातीचे ढीग. मुलींच्या कवायतीचा कार्यक्रम जवळ आला होता. पालकांना बोलावणे गेले होते. कवायतीच्या सरांनी जोडपूल पाहिला आणि चुटकी वाजवली.

"मैदानाची लांबी आहे, वर सावली आहे. आणखी काय पाहिजे? नाचता येईना अंगण वाकडं म्हणायची आपल्याला सवय नाही."

दुसऱ्या दिवसापासून पुलावर कवायत सुरू झाली. शेवटच्या तासाला शिट्टी वाजे, कदमताल सुरू होई आणि जागच्या जागी सगळ्या मुलींचे पाय एकदम पडत. एक-दोन, एक-दोन.

त्याच तासाला बाई वरच्या वर्गाला माझ्यावर लहरी शिकवत होत्या. बाईंनी मोटर बंद केली, पट्टी उचलून ठेवली आणि म्हणाल्या, "आता पाणी शांत होऊ दे." वर्ग थांबला. पाणी शांत होईना. माझ्या पुलाकडच्या कडेपासून रुंद, मऊ रेघा निघत होत्या. त्या समोरच्या कडेवर आपटून परत येत आणि येणाऱ्यांत मिसळत.

"परातीत भूत शिरलं," मामा म्हणाले.

मुले हसली. बाईंनाही हसू आले. "भूत नाही मामा, कवायत. भिंतीतून येतेय."

त्यांचे म्हणणे बरोबर होते. पण त्यापुढचा प्रश्न त्यांनी तेव्हा विचारला नाही. त्यांच्यापुढे धडा होता आणि त्या लहरींमुळे धड्याचे चित्र बिघडत होते. प्रयोग करणाऱ्या माणसांची एक सवय असते. नको असलेली थरथर आली की ती उपकरणापासून तोडायची. बाईंनी जाड स्पंजाचे चार तुकडे कापले आणि माझ्या चारही पायांखाली सारले.

कागद कोरा झाला. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

मित्रांनो, कंप नाहीसा होत नाही. स्पंजात तो जिरतो, म्हणजे स्पंजाचे कण एकमेकांवर घासतात आणि त्याची इवलीशी ऊब होते. माझ्यापुरता तो संपला. पण पूल काही स्पंजावर उभा नव्हता. कानात कापूस घालून बसल्यासारखी मी उभी होते. समोर खिडकीतून मला पूल दिसत होता, मुलींचे पाय वर-खाली होताना दिसत होते, आणि माझ्या अंगातले पाणी आरशासारखे शांत होते. ती शांतता मला आवडली नाही. मी सांगणार कशी? माझी भाषा एकच, आणि तिच्याखाली स्पंज होता.

दिवस गेले. कवायत सुधारत गेली. एके दिवशी कवायतीचे सर खुशीत प्रयोगशाळेत डोकावले.

"बाई, तुमच्या टिटवीला सांगा, कमाल केली पोरींनी. सुरुवातीला चाळीस पाय चाळीस वाटांनी जात होते. आता मला शिट्टीसुद्धा लागत नाही. ताल आपोआप जमतो."

"मेहनत आहे तुमची," बाई वह्यांवरून मान न उचलता म्हणाल्या.

"मेहनत तर आहेच. आधी मी जलद ताल देत होतो. पोरी मागं पडायच्या. मग जरा संथ केला, एकदम जमला. परवा आणखी थोडा संथ केला. काय सांगू, जणू पूलच साथ देतो!"

ते शिट्टी फिरवत गेले. बाईंनी पुढची वही ओढली. मधल्या सुट्टीत टिटवी आली, डबा उघडला आणि तोंडात घास असतानाच बोलू लागली.

"आई, म्हणजे बाई, कदमताल करताना ना, आता पाय उचलावेच लागत नाहीत."

"म्हणजे?"

"जमीनच वर ढकलते. आपण फक्त खाली सोडायचा, की ती वर देते. सगळ्या म्हणतात, मज्जा येते."

बाईंचा पेन थांबला. "आणि तुम्ही थांबल्यावर?"

"थांबल्यावर पण जरा वेळ गुदगुल्या होतात पायाला."

बाईंनी पेन खाली ठेवला. त्यांनी आधी टिटवीकडे पाहिले, मग खिडकीतून पुलाकडे आणि मग माझ्या पायांखालच्या स्पंजाकडे. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

झोपाळा तुम्ही सर्वांनी ढकलला असेल. कधीही, कसाही ढकलला तर तो नुसता डगमगतो. पण त्याच्या स्वतःच्या झोक्याला धरून दर खेपेला थोडासा ढकलला, तर बारीक पोरही मोठ्या माणसाला उंच नेते. प्रत्येक वस्तूला असा स्वतःचा एक झोका असतो. पेल्याला, दोरीला, पुलालाही. बाहेरचा ताल त्या झोक्याशी जुळला की छोटे धक्के साठत जातात. याला अनुनाद म्हणतात. आणि वस्तू आतून ढिली होऊ लागली, की तिचा झोका संथ होतो.

त्या दिवशी शेवटच्या तासाला वर्ग नव्हता. बाईंनी एकेक पाय उचलून माझ्याखालचा स्पंज काढला. पाणी स्थिर होऊ दिले. पुलावर कदमताल सुरू झाला आणि माझ्या कडेपासून रेघ निघाली. मग दुसरी. मग सगळा कागद पट्ट्यापट्ट्यांनी भरला. पहिल्या दिवशीच्या रेघा फिक्या होत्या. या काळ्याकुट्ट आणि लखलखीत होत्या.

"थांब!" पुलावर सर ओरडले. पाय थांबले.

माझ्या पाण्यातल्या लहरी थांबल्या नाहीत. नव्या निघतच राहिल्या. आता कोणीही पाय आपटत नव्हते. पूल एकटाच हलत होता आणि मला सांगत होता.

बाई धावत जाऊन मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना घेऊन आल्या. पुन्हा कदमताल सुरू झाला होता. टेबलावर फटी पाडलेली एक गोल चकती होती. ती फिरवून तिच्या फटींतून पाहिले की पळणाऱ्या लाटा नीट मोजता येतात. मोठ्या बाईंनी सहज ती उचलली, डोळ्याला लावली आणि फिरवली.

"हे तर थांबलंय की," त्या म्हणाल्या. "एकही रेघ हलत नाही."

"थांबलं नाही, बाई. प्रत्येक फट समोर येते तेव्हा एका लाटेच्या जागी बरोबर दुसरी आलेली असते. म्हणून थांबल्यासारखं दिसतं. चकती बाजूला करा."

मोठ्या बाईंनी चकती बाजूला केली. रेघा धावत होत्या. मोठ्या बाईंनी चकती टेबलावर परत ठेवली.

"उद्या पालक येणार. परातीत पाणी हललं म्हणून कार्यक्रम नाही, असं सांगू मी त्यांना? इंजिनिअरला कळवते, पण तो लगेच थोडाच येणार आहे?"

"निदान कदमताल नको. नुसतं चालू दे मुलींना. आणि पुलाखाली कोणी नको."

"बरं. कदमताल नाही. सांगते मी सरांना."

शब्द दिला गेला होता. तरी दुसऱ्या दिवशी बाई लवकर आल्या. त्यांनी पुलाच्या कठड्यावर मेणाने एक छोटा आरसा चिकटवला. उन्हाचा कवडसा त्यावरून उडून प्रयोगशाळेच्या लांबच्या भिंतीवर पडला. आरसा थोडा कलला तर परत येणारा किरण दुप्पट कलतो, आणि भिंत जितकी दूर तितका ठिपका जास्त सरकतो. कठड्याचे डोळ्याला न दिसणारे हलणे भिंतीवर हातभर दिसणार होते. प्रकाशाला भिंतीतून, लोखंडातून वाट काढावी लागत नाही. तो सरळ येतो, आणि त्याच्या पायांखाली कोणाला स्पंज घालता येत नाही.

टिटवी गणवेश घालून दारात आली. बाईंनी तिच्या रिबिनीचे फूल नीट केले.

"तू आज नाही गेलीस तर?"

"आई! मी पहिल्या ओळीत आहे. मी नाही गेले तर मध्ये दात पडल्यासारखं दिसेल."

बाईंनी तिचा खांदा धरून ठेवला होता. मला वाटले, आता त्या तिला जाऊ देणार नाहीत. तेवढ्यात टिटवीच्या मागून तिच्या ओळीतल्या साऱ्या मुली हसत, ढकलत आल्या. कोणाची बुटाची नाडी सुटलेली, कोणाचा पट्टा वाकडा. बाईंनी त्या सगळ्यांकडे पाहिले आणि हात सोडला.

"नुसतं चालायचं," त्या म्हणाल्या. "ऐकलंस? आणि काही वेगळं वाटलं, तर मी सांगेन ते कर."

"हो बाई," टिटवी म्हणाली. त्या वेळी मात्र ती चुकली नाही.

पालक नव्या इमारतीच्या खिडक्यांत जमले. मुली पुलावर आल्या, नुसत्या चालल्या, वळल्या, पुन्हा चालल्या. भिंतीवरचा ठिपका जागेवर किंचित थरथरत होता. माझ्या पाण्यात फिक्या रेघा होत्या. खाली ऊन फार होते. छोटी मुले कार्यक्रम पाहायला आणली होती. त्यांना सांभाळणाऱ्या ताईंना कोणी काही सांगितले नव्हते. त्यांनी मुलांना सावलीत बसवले. सावली फक्त पुलाखाली होती.

मग टाळ्या पडल्या. खिडकीतून कोणी पालक ओरडले, "सर, एवढंच का? पोरी घरी रोज जमीन हादरवतात!" सगळे हसले. कवायतीचे सर ताठ झाले. त्यांनी एकदा मोठ्या बाईंच्या दिशेने पाहिले. मोठ्या बाई कुणाशी तरी बोलत होत्या.

"कदमताल!"

पाय पडले. ठिपका जागचा हलला. दुसऱ्या वेळी पाय पडले, तो थोडा अधिक हलला. मग तो ठिपका राहिलाच नाही. भिंतीवर एक उजेडाची रेघ झाली आणि प्रत्येक पावलाबरोबर ती दोन्ही टोकांनी लांब होऊ लागली. कुठेही काही करकरले नव्हते. एकही आवाज आला नव्हता. उजेड आधी सांगत होता. माझे पाणी कडेवरून टेबलावर सांडले. इतक्या वर्षांत ते मोटरने कधी सांडले नव्हते.

बाई दाराबाहेर धावल्या. "थांबवा!" त्या ओरडल्या. त्यांचा आवाज पहिल्या ओळीपर्यंतसुद्धा पोचला नाही. चाळीस पायांखाली तो बुडाला.

पुलाच्या तोंडाशी शाळेची पितळी घंटा होती. बाईंनी मामांच्या हातातली मोगरी हिसकावली आणि घंटेवर मारली. तालावर नाही. दोन पावलांच्या मध्येच. मग भलत्याच वेळी पुन्हा, मग लागोपाठ दोनदा, मग थांबून एकदा. मुलींचे पाय अडखळले. एकीचा एक पडला, दुसरीचा दोन. कोणी फिसकन हसले. ओळ लडखडली.

"कोण आहे रे ते!" सर गरजले. "पाय चालू ठेवा! एक..."

टिटवीने आईकडे पाहिले. घंटा बडवणारी आपली आई तिने कधी पाहिली नव्हती. बाईंनी दोन्ही हातांनी खूण केली, निघा, विस्कटून निघा. आणि टिटवी ओरडली. मैदानाच्या त्या टोकाला जाणारा तिचा तो आवाज.

"सगळ्या चालायला लागा! वेड्यावाकड्या! कुणीही पायाशी पाय जुळवायचा नाही! मामा, खालच्या चिमण्यांना हलवा!"

मुली हसत, गोंधळत, कोणी फिरून तर कोणी रेंगाळत दोन्ही टोकांनी निघाल्या. मामा जिन्यावरून खाली धावले, "उठा रे, उठा, उन्हात चला, काळे व्हाल थोडे, बिघडत नाही!" असे म्हणत त्यांनी छोट्यांना हाकलले. टिटवी सगळ्यांत शेवटी आली. बाईंनी तिला धरले आणि इतके घट्ट धरले, की तिच्या छातीवरचा बिल्ला वाकला.

पुलावर एकटे कवायतीचे सर उरले. ते रागाने लाल होऊन बाईंकडे यायला निघाले आणि मध्येच थबकले. त्यांनी आपल्या पायांकडे पाहिले. त्यांचे पाय स्थिर होते. पूल स्थिर नव्हता. ते कठड्याला न शिवता, एकेक पाऊल जपून टाकत बाहेर आले.

मग सगळ्यांनी पाहिले. पुलावर कोणीच नव्हते, आणि भिंतीवरची उजेडाची रेघ अजून डोलत होती. समोरच्या खिडक्यांतल्या पालकांनाही ती प्रयोगशाळेच्या उघड्या दारातून दिसत होती. रेघ आखडत गेली, आखडत गेली, ठिपका झाली. त्यानंतर, अगदी सगळे शांत झाल्यावर, पुलाच्या पोटातून काँक्रीटचा एक पोपडा सुटला आणि खालच्या सावलीत पडला. तो जिथे पडला, तिथे छोट्यांपैकी कोणाची तरी पाण्याची बाटली राहिली होती. ती चपटी झाली.

इंजिनिअर आले. त्यांनी भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या. भेग रुंदावली तर काच तडकते. सकाळी येऊन पाहिले तर सगळ्या पट्ट्या तडकलेल्या होत्या, आणि रात्री पुलावर कोणी गेलेले नव्हते. आतले लोखंड गंजून पापुद्र्यांचे झाले होते. पूल दिवसेंदिवस ढिला होत गेला, त्याचा झोका संथ होत गेला, आणि मुलींचे पाय त्याच्या मागोमाग संथ होत गेले. पूल उतरवून टाकला.

काही दिवसांनी कवायतीचे सर प्रयोगशाळेत आले. माझ्यापाशी येऊन कागदाकडे पाहू लागले. कागद कोरा होता.

"मला वाटत होतं ताल मी देतोय," ते म्हणाले.

"मला वाटत होतं बिघाड टाकीत आहे," बाई म्हणाल्या.

स्पंजाचे ते चार तुकडे आता फळा पुसायला वापरतात.

मित्रांनो, मी म्हातारी झाले आहे. माझी लांबी पुन्हा तडकू लागली आहे, दिव्याची तार दोनदा बदलली. मला पुन्हा कपाटावर ठेवले तरी माझी तक्रार नाही. पण एवढे ऐका. तुमच्या घरात, शाळेत, रस्त्यावर जे शांत असायला हवे ते हलू लागले, तर हलणाऱ्या वस्तूला गप्प करू नका. थरथर कुठून येते ते शोधा. गप्प केलेली वस्तू बरी झालेली नसते. आणि सगळे थांबलेले दिसत असेल, तर आपण कुठल्या फटीतून पाहतो आहोत, तेही एकदा तपासा.

आता मी स्पंजाशिवाय उभी असते. रोज सकाळी टिटवी माझ्यात पाणी ओतते, दिवा लावते आणि कागद पाहते. बाहेरून मोठी गाडी गेली की एक रेघ येते, दार आपटले की दोन. त्या मला ओळखीच्या झाल्या आहेत.

आज गाडी गेली नव्हती. दार आपटले नव्हते. मोटर बंद होती आणि पट्टी वर उचललेली होती. कागदाच्या एका कोपऱ्यात, जुना पूल होता त्याच्या उलट्या बाजूने, एक फिकी रेघ आली. तिच्यामागून दुसरी.

"आई!" टिटवी म्हणाली.

बाईंनी तिला टोकले नाही. त्या माझ्यावर वाकल्या. मामा स्पंज हातात धरून उभे होते. त्यांनी तो खाली ठेवला.

"बोलू नका," बाई म्हणाल्या. "बघू दे, कुठल्या भिंतीतून येतेय."